फेरसार्वमत: घ्यायचं का, कधी, आणि मतपत्रिकेवर काय छापायचं

संघातून बाहेर पडायचं की राहायचं यावर एकदा कौल झाला आणि वर्ष-दोन वर्षांत ‘पुन्हा विचारा’ अशी मागणी उठली, की वाद लगेच तत्त्वांवर जातो. एक बाजू म्हणते, लोकांनी सांगितलंय, आता गप्प बसा. दुसरी म्हणते, लोकांना मत बदलायचा हक्क आहे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि निर्णय घ्यायला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. निर्णय ठरतो तो रोखठोक गोष्टींवर: पहिल्या वेळी नव्हतं असं काही मतदारापुढे ठेवता येतंय का, कॅलेंडरमध्ये जागा आहे का, संसदेत तेवढे हात वर होणार आहेत का, आणि हरण्याची भीती असलेली बाजू मैदानात उतरणार आहे का. यातलं एक जरी हुकलं तरी बाकीची तयारी वाया जाते. ब्रिटनमध्ये २०१८-१९ साली नेमकं तेच झालं, म्हणून इथे मुख्य उदाहरण ब्रेक्झिटचं घेतलं आहे.

आधी निदान करा

जनमत चाचणीत चार टक्के इकडचे तिकडे झाले, हे फेरसार्वमताचं कारण होऊ शकत नाही. २३ जून २०१६ चा निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, म्हणजे सुमारे १२ लाख ७० हजार मतांच्या फरकाचा होता. नंतरच्या चाचण्यांत ‘राहा’ची बाजू थोडी पुढे दिसू लागली, पण चाचणीची चूकच तेवढी असते. चाचणीतला आकडा हाच आधार धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या सार्वमताची मागणी कोणत्या तोंडाने नाकारणार?

आधार शोधायचा तो पहिल्या निकालाच्या कारणांत. आयर्लंडने हे दोनदा केलं. युरोपीय संघाच्या नीस करारावर जून २००१ मध्ये ५३.९ टक्के ‘नाही’ आलं, पण मतदान होतं जेमतेम ३४.८ टक्के. सरकारने तटस्थतेच्या मुद्द्यावर सेव्हिलला युरोपीय परिषदेकडून लेखी जाहीरनामा घेतला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये पुन्हा कौल घेतला. निकाल ६२.९ टक्के ‘हो’. इथे टक्केवारीपेक्षा मतांचे आकडे बघावेत. ‘नाही’ची मतं ५ लाख २९ हजारांवरून ५ लाख ३५ हजार झाली, म्हणजे हललीच नाहीत. ‘हो’ची मतं ४ लाख ५३ हजारांवरून ९ लाख ६ हजार झाली. मतपरिवर्तन फारसं झालंच नव्हतं. पहिल्या वेळी घरी बसलेले लोक बाहेर पडले. तेव्हा पहिल्या वेळचं मतदान ७२ टक्के झालं असेल, जसं ब्रिटनमध्ये झालं, तर हा मार्ग बराचसा बंद आहे हे आधीच समजून घ्या.

संघाच्याच लिस्बन कराराच्या वेळी रोग वेगळा होता. जून २००८ मध्ये ५३.४ टक्के ‘नाही’ आल्यावर सरकारने कारणांची पाहणी करवून घेतली. करार कळला नाही, हे त्यात मोठं कारण निघालं. शिवाय युरोपीय आयोगातला आपला आयुक्त जाईल, कर आणि गर्भपाताचे कायदे बाहेरून ठरतील, तटस्थता जाईल या भीती होत्या. एकेका भीतीवर एकेक हमी आणली आणि २ ऑक्टोबर २००९ ला ६७.१ टक्के ‘हो’ झालं. मधल्या काळात बँका कोसळल्या होत्या, त्याचाही हात होताच. डेन्मार्कनेही मास्ट्रिख्ट कराराला दिलेला जून १९९२ चा ५०.७ टक्क्यांचा नकार मे १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांच्या होकारात बदलला, पण त्यासाठी एडिनबरोला चार गोष्टींतून बाहेर राहण्याच्या सवलती पदरात पाडून घेतल्या: समान चलन, संरक्षण, न्याय-गृह आणि नागरिकत्व. त्यातली संरक्षणाची सवलत डेन्मार्कने सोडली ती थेट २०२२ साली, पुन्हा सार्वमत घेऊनच. तात्पुरत्या मलमपट्टीसाठी घेतलेली सवलत तीस वर्षं टिकते, हे ती मागताना लक्षात असू द्यावं.

हे दाखले ब्रेक्झिटला जसेच्या तसे लावणं ही मात्र नेहमीची चूक. करार नाकारला तर जैसे थे राहतं, घाई नसते. बाहेर पडायचा कौल दिला आणि युरोपीय संघाच्या कराराचं कलम ५० लागू केलं, की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि काहीच ठरलं नाही तर देश करारावाचून बाहेर फेकला जातो.

कॅलेंडर उलटं मोजा

शेवटची तारीख लिहा आणि मागे मोजत या. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन युनिटने ऑक्टोबर २०१८ मध्ये हा हिशोब मांडला होता: कायदा मंजूर व्हायला साधारण ११ आठवडे, निवडणूक आयोगाकडून प्रश्नाची चाचणी १२ आठवडे, प्रचारखर्चावर बंधनं असलेला शेवटचा काळ १० आठवडे. काही कामं एकमेकांवर चढवली तरी एकूण किमान २२ आठवडे. तेही सगळं सुरळीत गेलं तर. २०१५ चा सार्वमत कायदा २८ मे रोजी मांडला गेला आणि १७ डिसेंबरला मंजूर झाला, सरकारचं बहुमत असताना.

आता ब्रिटनची मूळ मुदत घ्या, २९ मार्च २०१९. तिथून २२ आठवडे मागे गेलं की २६ ऑक्टोबर २०१८ येते. पण बाहेर पडण्याचा करार युरोपीय नेत्यांनी मान्य केला २५ नोव्हेंबरला. मतदारापुढे ठेवायची वस्तू हातात आली तेव्हा ती ठेवायची वेळ टळून गेली होती. २५ नोव्हेंबरलाच कामाला लागले असते तरी एप्रिलची अखेर आली असती, आणि तिकडे गुरुवारी मतदान करायची प्रथा धरली तर २ मे. म्हणजे मुदतवाढ अटळ. मुदतवाढीला उरलेल्या २७ देशांची एकमुखी संमती लागते, आणि २३ मेपासून युरोपीय संसदेची निवडणूक होती. बाहेर पडू पाहणाऱ्या देशाने त्या निवडणुकीत उमेदवार उभे करायचे का, हा आणखी एक गुंता. शेवटी करावे लागलेच.

१० डिसेंबर २०१८ च्या वाइटमन निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कलम ५० ची नोटीस एकतर्फी मागे घेता येते. बऱ्याच जणांना वाटलं, झालं, आता मागे घेऊ, निवांत सार्वमत घेऊ, वाटलं तर पुन्हा नोटीस देऊ. तसं चालत नाही. माघार निःसंदिग्ध आणि बिनशर्त हवी असं त्याच निकालात आहे. वेळ विकत घेण्यासाठी मुदतवाढच मागावी लागते. माघार हा फेरसार्वमतात ‘राहा’ जिंकल्यानंतरचा टप्पा.

आणि एकदा बाहेर पडलं, की फेरसार्वमत हा विषयच संपतो. ३१ जानेवारी २०२० नंतर ब्रिटनपुढचा प्रश्न ‘परत जायचं का’ हा आहे. तो कलम ४९ चा, नव्या अर्जाचा, सर्व सदस्यांच्या संमतीचा आणि जुन्या सवलती मिळतील याची कसलीही खात्री नसलेला.

मतपत्रिका

सगळ्यात जास्त वाट इथे लागते. बाहेर पडण्याचे प्रकार दोन (करारासह आणि करारावाचून) आणि राहण्याचा एक, असे तीन पर्याय समोर असतील तर साध्या बहुमताने कौल घेणं धोक्याचं. शंभर मतदार धरा. ४० जणांची पहिली पसंती ‘राहा’, ३५ जणांची ‘करारावाचून बाहेर’, २५ जणांची ‘करारासह बाहेर’. पहिल्या दोन्ही गटांची दुसरी पसंती ‘करार’. नुसता शिक्का मारायचा असेल तर ‘राहा’ ४० मतांवर जिंकतं आणि ६० जण बोंब मारतात. पसंतीक्रम मोजायचा असेल तर पहिल्याच फेरीत ‘करार’ बाद होतो. आणि समोरासमोर लावून बघितलं तर तोच ‘करार’ ‘राहा’ला ६०-४० ने आणि ‘विनाकरार’ला ६५-३५ ने हरवतो. मोजायची पद्धत ठरली की विजेताही ठरतो, म्हणून ती आकडे दिसायच्या आधी ठरायला हवी.

यावर दोन आजमावलेले उपाय आहेत. एक, दोन फेऱ्या. न्यूफाउंडलंडमध्ये ३ जून १९४८ ला तीन पर्याय होते: स्वशासन ४४.६ टक्के, कॅनडात सामील होणं ४१.१, आणि ब्रिटिश आयोगाचा कारभार चालू ठेवणं १४.३. शेवटचा वगळून २२ जुलैला पुन्हा मतदान झालं आणि कॅनडाची बाजू ५२.३ टक्क्यांनी जिंकली. पहिल्या फेरीत मागे असलेला पर्याय दुसरीत पुढे गेला तरी निकाल टिकला, कारण दुसऱ्या फेरीचा नियम पहिलीच्या आधी सगळ्यांना माहीत होता. दुसरा उपाय न्यूझीलंडचा. १९९२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न: निवडणूक पद्धत बदलायची का, आणि बदलायची तर चारपैकी कोणती. जुनीच पद्धत हवी असणाऱ्यांनाही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मुभा होती. त्यातली पहिली आलेली पद्धत १९९३ मध्ये जुन्या पद्धतीसमोर बंधनकारक मतदानात उभी राहिली आणि ५३.९ टक्क्यांनी निवडून आली. ब्रिटनमध्ये २०१६ सालीच असा दोन टप्प्यांचा नियम लिहिला असता तर फेरसार्वमताला कोणी ‘फेर’ म्हटलं नसतं.

मतपत्रिकेवर न आलेला तिसरा पर्याय कसा सलतो, हे गोव्याला विचारा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश, अशा दोनच खुणा होत्या. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो मिळायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं. गंमत अशी की विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्याच वर्षी निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेवर आला, तरी फेरकौल झाला नाही.

शब्दरचनेसाठी वेळ काढाच. २०१५ च्या विधेयकातला मूळ प्रश्न ‘सदस्य राहावं का?’ असा हो-नाही छापाचा होता. निवडणूक आयोगाने चाचणी घेऊन दोन्ही पर्याय प्रश्नातच मांडायला लावले आणि उत्तरांतलं हो-नाही काढायला लावलं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याबद्दलच्या २०१४ च्या प्रश्नातून ‘तुम्ही सहमत आहात का’ एवढे शब्द गेले, कारण ते होकाराकडे ढकलतात. कॅनडातून वेगळं होण्यावरच्या क्वेबेकच्या १९९५ च्या प्रश्नात भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि एक समझोता इतकं सगळं कोंबलं होतं. त्या धुक्यावरचा उतारा म्हणून कॅनडाने २००० मध्ये स्पष्टतेचा कायदाच केला.

पहिल्या वेळचं जे होतं ते हलवू नका

उंबरठा आणि मतदारयादी, दोन्ही. पहिला कौल साध्या बहुमताने लागला असेल तर दुसऱ्याला ५५ किंवा ६० टक्क्यांची अट घालणं म्हणजे सरळसरळ रडीचा डाव. ब्रिटनमध्ये २०१६ साली ४० लाखांहून जास्त सह्या मिळालेल्या याचिकेत ६० टक्के मतं आणि ७५ टक्के मतदान अशी अट मागितली होती. ती याचिका निकालाआधी सुरू केली होती बाहेर पडण्याच्याच एका समर्थकाने, हा योगायोग नोंदवण्यासारखा. उंबरठा हवाच असेल तर पहिल्या कौलाआधी हवा. माँटेनेग्रोने मे २००६ मध्ये सर्बियाशी असलेला संघ सोडताना ५५ टक्क्यांची अट आधी मान्य केली, ५५.५ टक्के मतं आली, आणि निकाल टिकला. एकूण मतदारांच्या प्रमाणात अट घालण्याचं टाळा: १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळाच्या कौलात ५१.६ टक्के ‘हो’ येऊनही, एकूण मतदारांच्या ४० टक्के ही अट पुरी झाली नाही म्हणून तो बाद झाला. मेलेले आणि दोनदा नोंदलेले मतदारही अशा वेळी ‘नाही’च्या खात्यात जातात.

मतदारयादीचा प्रश्न जास्त नाजूक. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं. म्हणजे लंडनला नोकरीसाठी गेलेला, भारतीय पासपोर्ट असलेला पुणेकर नाव नोंदवून मत देऊ शकत होता, आणि वीस वर्षं तिथे राहिलेला पोलिश किंवा जर्मन नागरिक देऊ शकत नव्हता. १६-१७ वर्षांची मुलं आणि १५ वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिलेले ब्रिटिशही वगळले होते. हे अन्यायाचं होतं असं मानायला जागा आहे. तरी फेरसार्वमतात ही यादी बदलली, की निकाल यादीने बदलला असंच हरलेले म्हणणार, आणि त्यांचं म्हणणं खोडता येणार नाही.

पैसा, सरकार, बहिष्कार

२०१६ मध्ये दोन्ही अधिकृत प्रचारसंस्थांना प्रत्येकी ७० लाख पौंडांची मर्यादा होती. त्यांतल्या बाहेर पडण्याच्या बाजूच्या ‘व्होट लीव्ह’ने ती सुमारे साडेचार लाख पौंडांनी ओलांडली असा निष्कर्ष आयोगाने जुलै २०१८ मध्ये काढला आणि ६१ हजार पौंड दंड केला. निकालानंतर दोन वर्षांनी, आणि एका गुन्ह्याला जास्तीत जास्त २० हजार पौंड! एवढा दंड कोणीही खर्चाच्याच रकान्यात मांडून टाकेल. नवा कायदा करताना आधी ही रक्कम वाढवावी.

सरकारी यंत्रणेवरचं बंधन तिकडे फक्त शेवटच्या २८ दिवसांचं. म्हणून सरकारला एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ९३ लाख पौंड खर्चून ‘राहा’च्या बाजूचं पत्रक घरोघरी पाठवता आलं, तेही कायद्यात बसवून. हे बंधन पूर्ण १० आठवड्यांचं करा. गोव्यात तर कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. प्रत्येक वेळी एवढं टोक गाठायची गरज नाही, पण हरलेल्या बाजूने निकाल मानण्यात त्याचा वाटा होता.

बहिष्काराची चाहूल लागली तर तारीख पुढे ढकला. न्यू कॅलेडोनियात फ्रान्सपासून वेगळं होण्यावर तीन कौल घेता येतील, हे १९९८ च्या नुमेआ करारातच लिहिलेलं होतं, त्यामुळे ‘पुन्हा का’ हा वादच नव्हता. २०१८ मध्ये ५६.७ टक्के ‘नाही’, २०२० मध्ये ५३.३. तिसरा कौल कोविडच्या मृत्यूंमुळे पुढे न्या, अशी स्वातंत्र्यवाद्यांची मागणी होती. फ्रान्सने १२ डिसेंबर २०२१ हीच तारीख धरून ठेवली. ९६.५ टक्के ‘नाही’ आलं, मतदान मात्र सुमारे ८६ टक्क्यांवरून ४४ वर घसरलं. आकडा सर्वांत मोठा आणि वजन सर्वांत कमी.

दोन कौलांमधलं अंतरही आधीच लिहून ठेवता येतं. उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या कायद्यात सीमा-कौलानंतर (ब्रिटन सोडून आयर्लंडमध्ये जायचं का, यावरच्या कौलानंतर) दुसरा घ्यायला किमान सात वर्षं जावी लागतात. स्कॉटलंडच्या बाबतीत असं काही लिहिलं नाही. ‘पिढीतून एकदा’ हे फक्त भाषणांत राहिलं, आणि २०२२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन स्कॉटिश संसदेला एकटीने कौल घेता येत नाही असा निर्णय आला.

संसद आणि मोजणी

कोणत्याही मोर्चाआधी खासदार मोजा. २७ मार्च २०१९ ला मार्गारेट बेकेट यांचा फेरसार्वमताचा प्रस्ताव २६८ विरुद्ध २९५ ने पडला, १ एप्रिलला पीटर काइल आणि फिल विल्सन यांनी घडवलेला मसुदा २८० विरुद्ध २९२ ने. बारा मतांचा फरक. या मसुद्याची बांधणी चांगली होती: करार संसदेने मंजूर करायचा, पण जनतेने शिक्कामोर्तब केल्यावरच तो लागू व्हायचा. करारवाल्यांना करार मिळतो, फेरकौलवाल्यांना कौल. तरीही मजूर पक्षाचे बाहेर पडण्याला कौल दिलेल्या मतदारसंघांतले काही खासदार बाजूने आले नाहीत, आणि हुजूर पक्षातून पुरेसे फुटले नाहीत. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्यावर विषय मिटला.

कायद्यात निकालाचा परिणाम लिहा. २०१५ च्या कायद्यात ‘बाहेर पडा’ जिंकल्यावर काय करायचं याची एक ओळ नव्हती. २०११ च्या मतदानपद्धतीच्या सार्वमताचा कायदा मात्र ‘हो’ आलं तर मंत्र्याने नवी पद्धत लागू केलीच पाहिजे असं सांगत होता. फेरसार्वमत त्याच छापाचं हवं, नाहीतर निकालानंतर पुन्हा संसदेत तेच रामायण.

मोजणीचे नियमही याच कायद्यात येतात. २०१६ मध्ये ३८२ मोजणी विभाग होते. एखाद्या विभागात फेरमोजणी मागता येत होती, देशभराची नाही. फरक दहा-बारा लाखांचा असला की चालून जातं. क्वेबेकमध्ये १९९५ ला फरक होता ५४,२८८ मतांचा आणि बाद मतपत्रिका ८६ हजारांवर. तेव्हा देशव्यापी फेरमोजणी किती फरकाच्या आत लागू होईल, हे कलम घालाच. शिवाय २०१५ च्या कायद्यानुसार निकालाला न्यायालयात आव्हान द्यायला सहा आठवडे असतात. मुदतवाढ मागताना ते २२ मध्ये मिळवून २८ आठवड्यांची मागा.